हंगाम पाच महिन्यांचा, सबस्क्रिप्शन बारा महिन्यांचं

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या एका खेड्यातला तिशीतला चित्रकार. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांची पोस्टरं आणि फ्लेक्स करून पोट भरतो. मी ब्रह्मपुरीला वाणिज्य शिकवतो. बारावीला तो माझ्या वर्गात होता आणि वहीच्या मागच्या पानावर बहुधा माझंच चित्र काढत बसायचा. २०२५ च्या पावसाळ्यात तो एक प्रश्न घेऊन आला. आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपचं सबस्क्रिप्शन वर्षभराचं एकदम भरून टाकावं, का कायमचं बंद करावं? मला वाटलं, कागद-पेन घेऊन बसलो की चहा निवायच्या आत उत्तर निघेल. तसं झालं नाही, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. त्याचं नाव आणि त्या ॲपचं नाव दोन्ही गाळलं आहे.

धंद्याचं वर्ष

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. तिथून होळीपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे पेंडॉल पडलेला असतो. कंपन्यांचा बाजार वडशाला. गावाचं मंडळ येतं, तारीख घेतं, ईसार देतं आणि पोस्टरं घेऊन गावी जातं. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या अनेकांनी झाडीपट्टी रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. इथल्या पेंटर, पेटीवाले, पेंडॉलवाले, फ्लेक्सवाले यांच्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी आहे.

त्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, परत आला. २०१४ च्या बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. दिवसा पट, रात्री नाटक ही जुनी जोडी पुन्हा जुळली आणि एकाच फ्लेक्सवर हिरोच्या शेजारी बैलजोडीही आली. आमच्या चित्रकाराला बैल फार सुरेख जमतात, त्यामुळे त्याचं काम वाढलं.

तर कार्तिक ते फाल्गुन त्याला मान वर करायला उसंत नसते. चैत्र-वैशाखात लग्नपत्रिका आणि एखाददुसरा वाढदिवसाचा बॅनर. मृग लागला की सगळं थंड. आषाढात तो स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला उभा असतो आणि आयपॅड कपाटात आईच्या लुगड्यांखाली असतो. ॲपचे पैसे मात्र आषाढातही कापले जातात. त्याची मूळ तक्रार एवढीच होती.

एक फ्लेक्स जवळून

त्याचं काम नेमकं काय, हे पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाटकाचा फ्लेक्स साधारण १० बाय ८ फुटांचा. मधोमध नाटकाचं नाव, रक्त ठिबकतंय किंवा ज्वाळा निघताहेत अशा हाताने काढलेल्या अक्षरांत. डावीकडे हिरो, उजवीकडे हिरोईन, खाली डोळे बटबटीत केलेला विनोदी नट, एका पट्टीत नर्तकींचे फोटो. वर मंडळाचं नाव. तळाला गाव, तारीख, वेळ, तिकिटाचे दर. चेहरे तो फोटोवरून रंगवतो. नुसता फोटो कापून चिकटवणारे वडशात पुष्कळ आहेत. याची पोस्टरं लांबून ओळखू येतात ती या रंगवलेल्या चेहऱ्यांमुळे.

आता, वरचं चित्र हंगामभर तेच राहतं. गाव आणि तारीख रोज बदलते. ही बदलाबदल तो करतच नाही. फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपी नाहीतर कृतीदेव या फाँटच्या अक्षरांत गाव टाकतो आणि मशीनला लावतो. म्हणजे चित्र टॅबलेटवर, मजकूर पीसीवर. ही वाटणी लक्षात ठेवायला हवी, कारण ॲप महाग कशामुळे आणि त्यातलं याला लागतं किती, हे तिच्यावरच ठरलं.

आकारमानाचंही एक गणित आहे. १० बाय ८ फूट म्हणजे १२० बाय ९६ इंच. इंचाला ७२ ठिपके धरले तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एकेका लेअरला, म्हणजे चित्राच्या एका थराला, मेमरीत सुमारे २४० एमबी. साध्या आयपॅडवर असे पाच-सहा लेअर झाले की ॲप हात वर करतं. म्हणून तो निम्म्या मापावर, ३६ ठिपक्यांवर काढतो. लेअर ६० एमबीवर येतो. रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस फुटांवरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. फक्त नाटकाचं नाव निम्म्या मापावर काढलं की मोठं करताना कडा फाटतात. त्या ॲपमध्ये व्हेक्टर लेअरची सोय होती, अक्षरं कितीही मोठी करा, कड स्वच्छ राहायची. सबस्क्रिप्शन घेतलं ते याच एका गोष्टीपायी.

टॅबलेटवरच भाडं का

फोटोशॉप-इलस्ट्रेटर विकत घेण्याची रीत ॲडोबीने मोडली ती २०१३ मध्ये. आदल्या वर्षी आलेली सीएस६ ही विकत मिळणारी शेवटची मालिका, पुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउडच्या भाड्यावर. पण टॅबलेटची गोष्ट थोडी वेगळी आहे. ॲप स्टोअरमध्ये जुन्या गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती सवलतीत विकायची सोय ॲपलने कधी ठेवली नाही. एकदा विकलं की पुढचे सगळे सुधार फुकट द्या, नाहीतर नवं ॲप काढून पुन्हा पूर्ण किमतीला विका. जून २०१६ मध्ये ॲपलने सगळ्या प्रकारच्या ॲपना सबस्क्रिप्शन खुलं केलं आणि गिऱ्हाईक एक वर्ष टिकलं तर आपलं कमिशन ३० वरून १५ टक्क्यांवर आणू असं आमिष दाखवलं. वारं तिथून फिरलं.

त्यातून विचित्र गोष्टी झाल्या. व्हिडिओ संपादनाचं फायनल कट प्रो मॅकवर एकरकमी विकत मिळत होतं, तेच मे २०२३ मध्ये आयपॅडवर आलं ते फक्त सबस्क्रिप्शनवर. क्लिप स्टुडिओ पेंटचंही तसंच: विंडोज-मॅकवर एकरकमी घेता येतं, आयपॅडवर भाडंच. टॅबलेट हे स्वस्त, गरिबाचं यंत्र म्हणून लोक घेतात आणि भाड्याची सक्ती तिथेच जास्त. उलट बाजूला टास्मानियातल्या कंपनीचं चित्रकलेचं ॲप, प्रोक्रिएट. २०११ पासून एकरकमी. अमेरिकेतली किंमत १२.९९ डॉलर, पुढे काही द्यायचं नाही.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, ती मी बोलतो. आमच्याकडे पीसीवरच्या सॉफ्टवेअरचे पैसे द्यायची सवयच नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर विकणाराच सगळं 'टाकून' द्यायचा. आयपॅडवर ते जमत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरसाठी खिशात हात घालायची वेळ अनेकांवर पहिल्यांदा तिथेच आली. म्हणून महिन्याचे पाचशे रुपये ऐकले की माणूस ते मूळ किमतीशी ताडून बघत नाही, फुकटाशी ताडून बघतो. चित्रकाराच्या रागातला काही भाग असा होता, आणि मी ते त्याला सांगितलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

पोळ्यानंतरचा फोन

मात्र रागाचा उरलेला भाग खरा होता. जूनमध्ये त्याने सबस्क्रिप्शन थांबवलं. दिवाळीला पुन्हा सुरू करू असा हिशेब. पोळा झाला आणि एका कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. मागच्याच हंगामातलं नाटक यंदाही चालवायचं होतं, पण हिरोईन दुसऱ्या कंपनीत गेली होती.

"बाईचा चेहरा तेवढा बदलून दे गा. मंडळं येऊन रायली, पोस्टर दाखवाले पायजे."

अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम, तीनशे रुपये. ॲप उघडलं. चित्र दिसत होतं, बोटांनी मोठं होत होतं, लेअरची यादीही दिसत होती. बदल मात्र करता येईना आणि लेअरसकट फाइल बाहेरही काढता येईना. सबस्क्रिप्शन सुरू करा, असा चौकोन तेवढा पुन्हा पुन्हा यायचा. स्क्रीनशॉट घेऊन पाहिला. नवव्या पिढीच्या आयपॅडचा स्क्रीन २१६० बाय १६२० पिक्सेलचा. १० फुटांवर ताणला तर इंचाला १८ ठिपके. चेहऱ्याच्या जागी लगदा दिसला असता.

मॅनेजरला हे फोनवर समजावणं अवघडच.

"मंग मागच्या साली पैसे कायचे घेतले तू?"

मॅनेजरच्या बाजूने पाहिलं तर बरोबर आहे. त्याने पोस्टर विकत घेतलं होतं. तीनशेच्या कामासाठी याने पाचशेच्या आसपास भरून एक महिना सुरू केला आणि काम करून दिलं. नंतर बंद करायचं विसरला. पुढच्या महिन्याच्या कपातीची सूचना आली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कपातीआधी २४ तास मेसेज यावाच लागतो. तो रिचार्ज आणि कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला. खात्यात रक्कम नव्हती, म्हणून कपात झाली नाही आणि वाचला. आयपॅडवर ॲपलने २०२२ मध्ये भारतीय कार्डं घेणं बंद केल्यापासून त्याचा सगळा व्यवहार यूपीआय ऑटोपेवर चालतो. ते सोपं आहे, पण ज्याच्या खात्यात पैसे वर्षातून दोनच वेळा येतात त्याच्यासाठी ते बनवलेलं नाही.

हिशेब आणि हिशेबाबाहेरचं

आम्ही बसलो. महिन्याचे पाचशेच्या आसपास, वर्षाचे एकदम भरले तर चार हजारांच्या आसपास, जीएसटी धरून. जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे १८ टक्क्यांची वजावट मिळायचा प्रश्नच नाही. लागणारे महिने सात: हंगामाचे पाच आणि चैत्र-वैशाखाचे दोन. सात महिन्यांचे सुटे साडेतीन हजार. म्हणजे पाचशे जास्त दिले की उरलेले पाच महिनेही फाइली उघड्या. कागदावर वार्षिक सबस्क्रिप्शन सरळ फायद्याचं होतं, आणि इथे थांबलो असतो तर मी तोच सल्ला दिला असता.

पण भरायचे कधी? हंगाम सुरू होतो दिवाळीला. तेव्हा धान नुकतं कापलेलं असतं, खरेदी केंद्राचे चुकारे यायचे असतात आणि कंपन्या पोस्टरचे पैसे अर्धा हंगाम झाल्याशिवाय सोडत नाहीत. हातात पैसा येतो होळीला. होळीला भरायचे तर पहिले सात महिने जवळजवळ रिकामे जातात आणि खरा उपयोग शेवटच्या पाचांत. 'वार्षिक, पण हप्ता दर महिन्याला' असा तिसरा प्रकार काही कंपन्या देतात. तो दिसायला मासिक आणि करार वर्षाचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर, की मध्येच सोडल्यास लागणारं शुल्क गिऱ्हाइकाला नीट दाखवलं जात नाही. हंगामी माणसाने हा प्रकार पाहून घ्यावा आणि पुढे जावं.

ही पैशांची अडचण तरी होळीला चार हजार बाजूला काढून सुटण्यासारखी होती. खरी अडचण पोळ्यानंतरच्या त्या फोनमध्ये होती. तो हत्याराचं भाडं भरत होता असं त्याला वाटायचं. जून ते ऑक्टोबर तो जे भरणार होता ते स्वतःच्याच जुन्या चित्रांपर्यंत पोचण्याचं भाडं होतं. ट्रॅक्टर भाड्याने आणला तर नांगरटीचे पैसे देतो आपण. ट्रॅक्टर परत गेला म्हणून कोणी बांधीला कुलूप लावून जात नाही. शिवाय दर हंगामाला चित्रांचा साठा वाढत जाणार, म्हणजे सोडून जाणं दर वर्षी आणखी महाग. उद्या भाडं वाढलं तरी तो निमूट भरेल. वार्षिक भरू का बंद करू, हा प्रश्न म्हणूनच फसवा होता. आधी साठा मोकळा करायचा, मग हत्यार कुठलं ते ठरवायचं, असं मी म्हटलं.

त्याला हे लगेच पटलं नाही. हात बसलेला असतो, ब्रश स्वतः घडवलेले असतात. "सर, ब्रश तुमाले नाही समजत," असं त्याने स्पष्टच सांगितलं. ते खरंही आहे.

काय केलं

पर्याय त्याने स्वतःच तपासले. ॲडोबीचं फ्रेस्को ऑक्टोबर २०२४ पासून फुकट आहे. चेहरे रंगवायला त्याला आवडलंही. पण एकदा पैसे घेत होते ते पुन्हा घेणार नाहीत कशावरून, हा त्याचा प्रश्न होता. ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तेव्हा एकरकमी मिळत होतं. त्यात त्याने एकच शब्द टाकून पाहिला, 'निर्मिती', कारण तो प्रत्येक पोस्टरवर असतो. रफार सुटला, वेलांटी चुकीच्या जागी गेली. देवनागरीची जोडाक्षरं नीट न मांडणं हा ॲफिनिटीच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांचा जुना दोष. मजकूर जरी दुकानातला मुलगा टाकत असला तरी ज्याला आपली लिपी येत नाही त्याला पैसे द्यायला मन होत नाही, असं त्याचं म्हणणं. (तेच ॲफिनिटी कॅनव्हाच्या मालकीत गेल्यावर ३० ऑक्टोबर २०२५ ला फुकट जाहीर झालं. एकरकमी, भाडं, फुकट, काहीच कायमचं नाही.)

शेवटी प्रोक्रिएट घेतलं. अश्विनात जुन्या ॲपचा आणखी एक महिना मुद्दाम भरला आणि त्या महिन्यात दुसरं काहीच केलं नाही. सगळी पोस्टरं एकेक करून लेअरसकट पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलीत) आणि सपाट पूर्ण मापाच्या पीएनजीत बाहेर काढली. एक प्रत पेनड्राइव्हवर घरी, एक फ्लेक्सच्या दुकानातल्या हार्ड डिस्कवर. फाइलीचं नाव कंपनी, साल, आणि हिरोईनचं नाव. ही शेवटची सूचना दुकानातल्या मुलाची. पोस्टर मागताना सगळे हिरोईनच्या नावाने मागतात.

नुकसान झालंच. व्हेक्टर अक्षरं पीएसडीत गेली ती साधे पिक्सेल होऊन. काही लेअरचं मिश्रण वेगळं उतरलं. एका पोस्टरवर हिरोच्या गालावरची सावली काजळीसारखी काळी आली आणि तो चेहरा पुन्हा रंगवावा लागला. ब्रश नव्याने घडवावे लागले, त्यामुळे मंडईच्या दिवसांतली पहिली कामं रखडली आणि एक कंपनी दुसऱ्याकडे गेली. ती परत येईल असं तो म्हणतो. मला खात्री नाही.

अक्षरांचा प्रश्न मात्र चांगला सुटला. नाटकाचं नाव तो आता वेगळ्या कॅनव्हासवर, नुसतं काळ्यावर पांढरं नाहीतर पांढऱ्यावर काळं, मोठ्या मापात काढतो. एकच लेअर असल्यामुळे आयपॅड कुरकुरत नाही. दुकानात कोरलड्रॉच्या पॉवरट्रेसमधून त्याचं व्हेक्टर होतं आणि कड पहिल्यापेक्षा धारदार येते. ज्या एका सोयीसाठी सबस्क्रिप्शन घेतलं होतं ती चार पावलांवरच्या दुकानात होती, फक्त आधी कोणी मागितली नव्हती.

एकरकमी म्हणजे आजन्म, असा समज मात्र मी त्याला करू दिला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२-बिटची सगळी जुनी ॲपं, विकत घेतलेलीसुद्धा, एका रात्रीत उघडेनाशी झाली. एकरकमी विकणाऱ्याचं घर नव्या गिऱ्हाइकांवर चालतं. ती आटली तर तोही काय करेल सांगता येत नाही. ॲप बनवणाऱ्यालाही दर महिन्याला पगार वाटायचे असतात, त्यामुळे भाड्याच्या रीतीला मी सरसकट लूट म्हणत नाही. बारमाही काम असलेल्या नागपूरच्या स्टुडिओला ती परवडतेही. म्हणून ॲप कुठलंही असो, काम संपलं की त्याच दिवशी पीएसडी आणि पीएनजी बाहेर, हा नियम त्याने पाळायचा आहे. हंगामाच्या गर्दीत तो अर्धाच पाळला जातो, हेही मला माहीत आहे.

होळीनंतर

दरपत्रकात एक बदल झाला. आता पोस्टरच्या पावतीवरच लिहिलेलं असतं: होळीपर्यंत एक बदल मोफत, त्यानंतर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. मॅनेजर लोक आधी कुरकुरले. मग एकाने विचारलं की लेअरवाली फाइलच आमाले देऊन टाकली तर? ती द्यायची का, आणि दिली तर कितीला, यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो देऊ नये. मला वाटतं, जो मुद्दा तो ॲपवाल्याशी भांडून मांडत होता तोच मॅनेजर आता त्याच्याशी मांडतो आहे, तेव्हा चांगली किंमत घेऊन द्यावी.

दुसरं प्रकरण उभं राहतंय ते हलत्या पोस्टरचं. व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायला पंधरा सेकंदांची चित्रफीत कंपन्यांना हवी आहे: ज्वाळा हलल्या पाहिजेत, बैल धावले पाहिजेत. हलती चित्रं करायचं प्रोक्रिएट ड्रीम्स एकरकमी मिळतं, व्हिडिओची बाकीची बरीच ॲपं भाड्यावर. यावेळी त्याने ॲपची किंमत विचारायच्या आधी कंपन्यांना त्यांची किंमत विचारली. दोघांनी करून दे म्हटलं. ईसार अजून एकानेही दिलेला नाही, म्हणून त्यानेही काही विकत घेतलेलं नाही.